चार गाठी, चार बोटं

मशीनराव "परवा येतो" म्हणाला की कोणता परवा, हे घरात कुणी विचारायचं नाही. विचारून उपयोग नव्हता. खोदायचं मशीन जसं त्याच्या एकट्याच्या मालकीचं, तसे परवाही त्याच्याच मालकीचे होते, आणि ते तो मर्जीप्रमाणे पुढे ढकलायचा. नात्याने तो म्हाताऱ्याचा सख्खा पुतण्या. त्यामुळे भाडं पूर्ण घ्यायचा आणि उपकार वरून मोजायचा.

या घराचं सगळं पोट खालच्या वावरावर. वरच्या अंगाला झरा होता, त्याचं पाणी झिरपत झिरपत खाली यायचं आणि वावरात बसून राहायचं. ते बाहेर काढायला वावराच्या कडेने कमरेएवढा खोल चर. दर वर्षी तो गाळाने बुजायचा, दर वर्षी उपसावा लागायचा. गेल्या वर्षी मशीनरावाचा परवा पंचवीस दिवसांनी उगवला, तोवर थोरल्याने फावड्याने चर काढायला घेतला होता. अकराव्या दिवशी त्याच्या कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं. तेव्हापासून तो ओसरीत फळीवर आडवा होता आणि छपराच्या वाशांशी त्याची चांगली ओळख झाली होती.

यंदाही तेच. पेरणीला तीन आठवडे राहिले, वावरात घोट्याएवढं पाणी, आणि मशीनराव ओसरीच्या पायरीवर बसून दात कोरतोय.

"काका, दर वर्षी ही कटकट कशाला?" तो म्हाताऱ्याला म्हणाला. "खालचं वावर मला वाट्याने देऊन टाका. कायमचं. चर माझा, नांगर माझा. निम्मं धान्य तुमच्या दारात आणून टाकीन. थोरला बघा कसा पडलाय. धाकट्याला शेतीत रस नाही. करणार कोण?"

थोरली तेव्हा अंगणात दुधाची बादली घासत होती. ही म्हाताऱ्याची मोठी सून, आडव्या पडलेल्या माणसाची बायको. अंगाने काडी, उंचीला बेताची. गेलं वर्षभर घरातला जुना ट्रॅक्टर तीच चालवत होती, गोठा तीच काढत होती, आणि 'करणार कोण' हे तिच्यापासून चार हातांवर बसून विचारलं जात होतं. बादली आतून घासून झाली होती. तिने ती पुन्हा घासायला घेतली.

म्हाताऱ्याने एकदा फळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पेरणीपर्यंत बघतो. तोवर चर निघाला नाही, तर वावर तू कर."

मशीनराव उठला, चपला शोधल्या, आणि जाता जाता म्हणाला, "चराचं म्हणाल तर, परवा येतो."

तो गेल्यावर थोरली ओसरीत आली.

"आबा, आपलं मशीन घेऊ."

"काय?"

"ट्रॅक्टर. पुढे भरायची बकेट, मागे खोदायचा हात. तसला येतो. आपला जुना दुकानवाले बदल्यात घेतील. वरचे पैसे झाडांचे."

बांधावरची अकरा झाडं विकून आलेले पैसे गोठ्याच्या छपरासाठी ठेवले होते. म्हाताऱ्याने गोठ्याकडे पाहिलं.

"आणि छप्पर?"

"गळू दे. गाय भिजली तर वाळते. वावर त्यांच्या हातात गेलं तर आपण काय करायचं?"

फळीवरून थोरला म्हणाला, "ती बरोबर बोलतेय, आबा." वाशांकडेच बघत म्हणाला, पण बोलला.

धाकट्याला शेतीत रस नव्हता हे खरं; इंजिनात मात्र भारी रस होता. तो तासाभरात तीन माहितीपत्रकं घेऊन आला आणि जेवताना भाकरीच्या तुकड्याने एचपी दाखवायला लागला.

*

अडचण बोळाची होती. घरापासून खालच्या वावरात जायला एकच वाट: एका बाजूला गोठ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला मशीनरावाच्या परसाची दगडी भिंत, मधे बोळ. जुना ट्रॅक्टर एवढासा, तो त्यातून उंदरासारखा जायचा. बोळ किती रुंद आहे हे कुणी कधी मोजलंच नव्हतं. बोळातून जे जाणार नाही त्याला मशीनरावाच्या अंगणातून जावं लागणार होतं. आणि अंगणाला फाटक होतं आणि फाटकाला कुलूप.

त्या घरात मोजमाप गाठींच्या दोरीने व्हायचं. म्हातारा तरुणपणी विहिरी खोदायचा, तेव्हापासूनची तागाची दोरी, हाताहातावर गाठ. घरात लोखंडी टेपही होता, पण त्याची पहिली वीतभर पट्टी तुटलेली, आणि वजाबाकी करताना दर वेळी भांडण व्हायचं. दोरीवर भांडण नव्हतं.

सकाळी धाकटा दोरी शोधत होता. ती गोठ्यातल्या पाण्याच्या हौदात सापडली. वासराने खुंटीवरून ओढून पाडली असावी. त्याने ती काढली, पँटला पुसली आणि बोळात शिरला. थोरली शेणाची पाटी घेऊन मागून येत होती. दोरीचं पाणी टपटप तिच्या पायावर पडलं.

"वहिनी, धरा हे टोक."

तिने पाटी खाली ठेवली, टोक गोठ्याच्या भिंतीला लावलं. सगळ्यात अरुंद जागी बोळ भरला चार गाठी आणि चार बोटं.

भिंतीवरून मशीनरावाचं डोकं वर आलं. "काय मोजताय?"

"ट्रॅक्टर घेतोय, दादा," धाकटा म्हणाला. त्याच्या पोटात काही राहत नसे.

थोरलीला वाटलं, आता हा हसेल. तो हसला नाही. उलट कोपरं भिंतीवर टेकवून आपुलकीने म्हणाला, "छान. पण घ्यायचाच तर मोठा घ्या. मधला घेऊन चूक करू नका. तो ढेकूळ उचलेल, गाळ नाही उचलणार. आणि बोळाची कसली काळजी? नाहीच मावला तर माझं अंगण आहे की. मी काय परका आहे?"

धाकट्याचा चेहरा उजळला. थोरलीने पाटी डोक्यावर घेतली. मशीनरावाच्या तोंडून फुकटचा सल्ला तिने लग्नापासून आज पहिल्यांदा ऐकला होता, आणि शेण टाकून येईपर्यंत ती त्याचाच विचार करत होती.

*

दुकानाच्या काचेमागे चार खुर्च्या होत्या. एका खुर्चीत दुकानदार, कडक कॉलरचा, मनगटावर परातीएवढं घड्याळ. दुसरीत म्हातारा, तिसरीत धाकटा. चौथीवर माहितीपत्रकांचा गठ्ठा होता, आणि तो उचलावा असं कुणाला सुचलं नाही. चहा आला तोही तीन कप. थोरली दाराला टेकून उभी राहिली.

"बकेटीत ओला गाळ किती उचलतो?" तिने विचारलं.

"कसं आहे साहेब," दुकानदार धाकट्याला म्हणाला, "वजन उचलणं हे हायड्रॉलिकवर असतं."

"मागचा हात किती खोल जातो?"

"खोली म्हणाल ना साहेब, तर मोठ्याला तोड नाही."

प्रश्न दारातून निघत होते आणि उत्तरं खुर्चीत पोचत होती. थोरलीने मग विचारणं सोडलं आणि आवारात जाऊन यंत्रं बघायला लागली.

दोन होती. मोठा लाल, चकचकीत, उभ्या बैलासारखा छाती काढलेला. त्याच्या शेजारी मधला, निळा. दोघांनाही पुढे बकेट, मागे घडी घातलेला खोदायचा हात. निळ्याच्या टायरजवळ एक मिस्त्री उकिडवा बसून ग्रीस भरत होता. त्याने मान वर करून विचारलं, "ताई, माती कसली आहे?"

सकाळपासून तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"काळी. चिकट. खाली पाणी."

"मग दोन्ही खोदतील. मोठा जास्त रुतेल, एवढाच फरक."

तोवर धाकटा दुकानदाराला घेऊन बाहेर आला आणि थेट लाल ट्रॅक्टरवर चढला. स्टिअरिंग धरलं, आरशात केस बघितले. "आबा, हाच."

"दोरी लाव," म्हातारा म्हणाला.

दुकानदाराने दोरी बघून ओठ मुडपले. "आजोबा, पत्रकात सगळे आकडे छापलेत."

"बोळ पत्रकात नाही," म्हातारा म्हणाला.

धाकट्याने मागच्या चाकांच्या बाहेरून बाहेर दोरी धरली. चार गाठी आणि एक बोट. "तीन बोटं राहतात!" तो ओरडला. "जाईल! हळू न्यायचा, पण जाईल."

म्हाताऱ्याने मान हलवली. दुकानदाराने खिशातून पेन काढलं. सगळं कसं जुळून आलं होतं. थोरलीने दोरीचं लोंबतं टोक हातात घेतलं, नुसतंच, काहीतरी धरायचं म्हणून. दोरी मऊ होती, हलकी. येताना भाड्याच्या गाडीच्या टपावर उन्हात पडून खडखडीत वाळलेली. तिला पायावर पडलेलं पाणी आठवलं.

"थांबा. ही सकाळी ओली होती."

"मग?" धाकटा म्हणाला.

"ओली दोरी आखडते, भाऊजी. बोळ मोजला आखडलेल्या दोरीने, आणि ट्रॅक्टर मोजताय सैल दोरीने." ती मिस्त्रीकडे वळली. "दादा, बादलीभर पाणी मिळेल का?"

दुकानदार मोठ्याने हसला. काउंटरवरची दोन माणसं हसायला बाहेर आली. "बाई, ट्रॅक्टर घ्यायला आलात की धुणं धुवायला?"

मिस्त्रीने बादली आणून ठेवली. थोरलीने दोरी पाण्यात दाबली आणि वर हात ठेवून उकिडवी बसून राहिली. दुकानदाराने दोनदा घड्याळ बघितलं. एक बुडबुडा आला, दुसरा आला. धाकटा हळूच म्हणाला, "वहिनी, लोक बघतायत."

"बघू दे. त्यांना बोळातून जायचं नाही."

दोरी पुरती भिजून ताठ झाली तेव्हा तिने ती काढली, झटकली, पुसली नाही. एक टोक म्हाताऱ्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. दुकानदाराच्या बुटांवर थेंब उडाले. तीच चाकं, तीच दोरी.

चार गाठी आणि सहा बोटं.

म्हाताऱ्याने बोटं पुन्हा मोजली. स्वतःची मोजून झाल्यावर सुनेची मोजली. तिची बारीक, तिची तर सात भरली.

"अडकला असता," तो म्हणाला. "बरोबर मधे."

"चाकं थोडी आत घेता येतात," दुकानदार घाईने म्हणाला.

"उतार असेल तर आडवा होईल," मिस्त्री ग्रीसच्या डब्याला उद्देशून म्हणाला.

"नाहीतर दादाच्या अंगणातून..." धाकट्याने सुरू केलं आणि वाक्य तिथेच ठेवलं. कुलूप त्याला आत्ता दिसलं असावं. दर वेळी फाटक. दर वेळी परवा.

"म्हणूनच मोठा घ्या म्हणाले," थोरली म्हणाली. "निळा मोजा."

निळा ओल्या दोरीने भरला चार गाठींना वीतभर कमी.

*

"चालवून बघते," ती म्हणाली.

"तुम्ही?" दुकानदाराने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

आवारात खडीचा ढीग होता. ती निळ्यावर चढली, क्लच दाबायला सीटच्या टोकावर सरकली, गिअर टाकला. ट्रॅक्टर ढिगाकडे निघाला. बकेट खाली टेकवायची तर तिची धार दिसायला हवी, आणि बॉनेटपलीकडे तिला फक्त आभाळ दिसत होतं. ती अर्धवट उभी राहिली.

इंजिन फट्‌ करून बंद पडलं.

तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा ढीग, पुन्हा मान उंच, पुन्हा फट्‌.

"मशीनला कळतं बरं का," दुकानदार म्हणाला, "वर कोण बसलंय ते." काउंटरची माणसं खो खो हसली. धाकटाही हसला, वहिनीने बघितल्यावर खोकला आल्यासारखं केलं. खाली उतरावं, दाराला जाऊन टेकावं, हे एक क्षण थोरलीच्या मनात आलं. पायांनी ऐकलं नाही.

मिस्त्री जवळ आला. "ताई, सीटखाली बटण आहे. माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद. पडून चाकाखाली जाऊ नये म्हणून."

"बटणाची वायर काढून देतो," दुकानदार म्हणाला. "फुकट. सगळेच काढून घेतात."

"राहू दे," थोरली म्हणाली. "आमच्यात एक माणूस आडवं झालंय. तेवढं पुरे." मग मिस्त्रीला म्हणाली, "सीट पुढे सरकते का? वर?"

"पुढे सरकते. वर घ्यायला खाली लाकडी ठोकळा टाकावा लागेल. बटण त्याच्या वर बसवून देतो. अर्धा तास."

"द्या."

अर्धा तास म्हणजे पाऊण तास झाला. ती तोवर मिस्त्रीला पाने देत उभी होती, आणि खुर्चीतली माणसं काचेआडून बघत होती. मग ती परत चढली. आता बॉनेटवरून बकेटीची धार दिसत होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ढिगात बकेट घुसली, भरली, उचलली. तिने ती खडी तशीच धरून ट्रॅक्टर वळवला, काचेच्या दारापर्यंत आणला, आणि दुकानदाराच्या मोटरसायकलच्या मागे अलगद ओतली. मोटरसायकलला खडाही लागला नाही. ती निघण्याची वाट मात्र बंद झाली.

"हा घेतो," म्हातारा म्हणाला. आणि चौथ्या खुर्चीवरचा गठ्ठा उचलून त्याने जमिनीवर ठेवला. "सही सूनबाई करेल. बस गं."

*

बोळातून निळा गेला तेव्हा मशीनराव भिंतीवर होताच. दोन्ही बाजूंना आठ आठ बोटं सोडून सावकाश गेला. "खेळणं आणलं वाटतं," तो म्हणाला. धाकट्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि, नवलच, मिटलं.

चर काही एका दमात निघाला नाही. मागचा हात चालवायला सीट उलटी फिरवायची, दोन बाजूचे लोखंडी पाय जमिनीत रोवायचे, आणि समोरच्या दांड्यांनी कोपर, मनगट, पंजा हलवायचा. पहिल्या दिवशी तिला मनगट हलवायचं असलं की कोपर हलायचं. पंजा हवेत वेडेवाकडे हातवारे करायचा, आणि बांधावरून जाणारी माणसं थांबून त्याला हात दाखवायची. दुपारी एक लोखंडी पाय चिखलात मांडीएवढा गेला. तिने खाली फळ्या टाकल्या, पंज्याने जमीन रेटून ट्रॅक्टरने स्वतःच स्वतःला उचलून घेतलं. संध्याकाळी खांदे इतके भरून आले की घास तोंडापर्यंत न्यायला दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागला.

थोरला फळीवरून म्हणाला, "कोपर आधी लांब करायचं. मग पंजा मिटायचा. फावड्याचंही तसंच असतं."

"तुम्ही बघितलंत?"

"धाकट्याने फळी दारापर्यंत सरकवली. तिथून दिसतं."

दुसऱ्या दिवशी तिने कोपर आधी लांब केलं. गाळ वडीसारखा सुटून यायला लागला. काळा, वास मारणारा, वर्षभर कुजलेला. धाकटा चरात उतरून दोरीने खोली मोजत होता, आणि दोरी आधी भिजवून घेत होता, कुणी न सांगता. चौथ्या दिवशी दुपारी चराच्या तोंडाशी शेवटचा बांध राहिला. तिने पंजा टाकला, ओढला. आधी नुसतं चिखलाचं पाणी आलं, बोटभर. मग वावरातलं साचलेलं पाणी हललं, त्यावरचा पालापाचोळा एका दिशेने सरकायला लागला, आणि सरकतच राहिला. म्हातारा बांधावर उभा होता. खाली बसून त्याने चरात हात घातला आणि पाणी किती जोरात जातंय ते हाताने बघितलं.

पेरणीला नऊ दिवस होते.

सहाव्या दिवशी ती बोळात शिरली. गोठ्याच्या भिंतीकडे साठलेला गाळ बकेटीने ओढत होती. मशीनरावाच्या भिंतीच्या पायथ्याशीही तसंच डबकं होतं. कैक वर्षांच्या ओलीने तिथले दगड सुटायला आले होते. त्याचं मशीन बोळात कधी मावलं नव्हतं, आणि फावडं त्याने कधी हातात धरलं नव्हतं.

तो भिंतीला वळसा घालून आला आणि निळ्यासमोर उभा राहिला. कमरेवर हात.

"वहिनी! जाता जाता माझ्याही कडेचं तेवढं काढून दे. भिंत खचतेय."

"ऐकू येत नाही!" ती म्हणाली.

"इंजिन बंद कर! खाली उतर, बोलू आपण!"

त्याला सवय होती. तो आला की या घरातली माणसं हातातलं काम ठेवायची, उठून उभी राहायची, पायरीवर त्याला जागा करायची. तोही वाट बघत उभा राहिला.

थोरलीने बकेट थोडी वर घेतली. धार तिला स्वच्छ दिसत होती, आणि धारेपलीकडे त्याच्या सदऱ्याचं तिसरं बटण.

"तुमचं काम ना?" ती म्हणाली. "परवा येते."

"कोणत्या परवा?"

तिने गिअर टाकला. तो दोन पावलं मागे झाला, मग आणखी दोन, बोळ अरुंद, बाजूला व्हायला जागा नाही, म्हणून तसाच उलट्या पावलांनी पार टोकापर्यंत. निळा त्याच्यामागोमाग सावकाश येत होता, आणि सीटवरून ती तसूभरही उठली नाही. उठली असती तर इंजिन बंद पडलं असतं.